माहेरचं नाव

पाऊस बघायला बेलफास्टहून मुद्दाम डोंगरात जायचं, हे पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी आम्हांला वेड्यात काढलं असतं. बेलफास्टला पाऊस घरबसल्या मिळायचा, हवा तेवढा. पण त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात ह्यांना लागून सुट्टी मिळाली आणि ह्यांच्या हॉस्पिटलातल्या एका सर्जनने टायरोनमधल्या, स्पेरिन डोंगरातल्या आपल्या कॉटेजची किल्ली देऊ केली. हे भूल देणारे डॉक्टर. त्या वर्षी शहरात बॉम्ब इतके फुटत होते की ह्यांना चार घास धड खायला मिळत नव्हते. मीच म्हटलं, जाऊ या. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि मलाही अजून जगायचंय.

माझा त्या डोंगरात जाण्यामागे एक स्वार्थ होता. मला तिथे आयरिश बोलायचं होतं.

मी संस्कृत घेऊन एम.ए. झालेली बाई, आणि तीन वर्षं बेलफास्टच्या एका भाड्याच्या घरात बसून मोजे सुकवत होते. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहायच्या, मिसेस डोहर्टी. त्या मूळच्या सीमेपलीकडच्या डोनेगॉलच्या, लहानपणी घरात आयरिशच बोललेल्या. एकदा बटाटे सोलता सोलता त्या म्हणाल्या की त्यांच्या भाषेत माणूस घाबरत नाही, भीतीच माणसावर येऊन बसते. भूक, तहान, लाजसुद्धा तशीच येते. मी म्हटलं, अहो, आमच्यातही भूक लागते, भीती वाटते, आपण काही करत नाही. झालं, तिथून आमचं गूळपीठ जमलं. रोज दुपारी हे हॉस्पिटलात असताना मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्यांनी पहिलंच वाक्य शिकवलं ते आपलं नाव सांगण्याचं. 'सुलक्षणा इस आनिम डू.' सुलक्षणा हे माझं नाव.

ते माझं माहेरचं नाव. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'अनुराधा' लिहिलं आणि त्या क्षणापासून सुलक्षणा केळकर संपली. सासूबाईंना अनुराधा आवडायचं, एवढंच कारण. माझ्या आईनेसुद्धा पुढच्या पत्रापासून 'चि. सौ. अनुराधास' असा मायना लिहायला सुरुवात केली. त्यामुळे एका अगदी नव्या भाषेत, जिथे मला कुणीच ओळखत नव्हतं, तिथे मी माझं जुनं नाव सांगितलं. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

मिसेस डोहर्टींनी बजावलं होतं, 'ही भाषा बेलफास्टच्या रस्त्यावर बोलू नकोस. खेड्यात म्हाताऱ्या माणसांशी बोल, तीही बघून.' का ते मला कळत होतं. आयरिश बोलणारा माणूस म्हणजे इंग्रजांना घालवू पाहणाऱ्यांच्या बाजूचा हे ठरूनच जायचं, आणि त्या काळात बाजूवरून माणसं मरत होती. पण आपण तर कुठल्याच बाजूचे नाही, असं मला वाटायचं.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. गाव म्हणजे एक वळण, एक चर्च आणि एक दुकान. दुकानात पुढे किराणा आणि मागच्या खोलीत दारूचा गुत्ता, तिकडे तशीच पद्धत असते. धो धो पाऊस होता. हे गाडीतच बसून राहिले आणि मी दूध-पाव आणायला उतरले. काउंटरमागे साठीच्या पुढची एक बाई होती, तिचं नाव रोझ. मी धीर करून म्हटलं, 'जिआ दिच.' म्हणजे देव तुझ्यापाशी असो. तिने हातातला पाव खाली ठेवला. उत्तर दिलं, मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग पावसाबद्दल बोललो, तिच्या गुडघ्याबद्दल बोललो. मागच्या खोलीतून दोन म्हातारे ग्लास हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. एकाने मला परत परत 'जिआ दिच' म्हणायला लावलं. निघताना रोझने पिशवीत सहा अंडी घातली आणि पैसे घेतले नाहीत.

मी इतकी खूश होते की ओली होत गाडीत शिरले हेही मला कळलं नाही. हे म्हणाले, "एक दूध आणायला एवढा वेळ?"

"त्यांच्याशी आयरिशमध्ये बोलले मी."

"कशाला शायनिंग मारायची? इथलं वातावरण काय आहे तुला माहीत आहे ना? टू डेज शांत राहू आणि परत जाऊ."

"अंडी फुकट मिळाली," मी म्हटलं. ह्यांनी गाडी सुरू केली.

शनिवारी जेवण झाल्यावर हे एकटेच फिरायला निघाले. गळ्यात कॅमेरा. ह्यांना जुने दगड भारी आवडायचे, आणि त्या डोंगरात चार हजार वर्षांपूर्वीची दगडांची वर्तुळं आहेत असं कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं पावसात काय दिसणार. "चहाला येतो," म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.

चहाची वेळ झाली. मी आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मी कोट चढवला आणि निघाले. गाडी दारातच होती, पण मला चालवता येत नव्हती. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि पाऊस असा की चष्मा काढला तरी आणि घातला तरी सारखंच. एका पत्र्याच्या फाटकापाशी मला ह्यांची छत्री दिसली. उलटी होऊन चरात पडली होती, काड्या वाकलेल्या. फाटकाला आतून साखळी होती. पलीकडे चिखलात गाडीच्या चाकांचे खोल ताजे माग होते, आणि दूर एक गोठा, बिनखिडक्यांचा.

मी ह्यांना हाक मारली. म्हणजे 'अहो' म्हटलं. मोठ्याने, चार-पाच वेळा. पावसात ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मी दुकानाकडे धावले.

आत रोझ होती. पण म्हातारे नव्हते. काउंटरला टेकून चाळिशीचा एक माणूस उभा होता, डोक्यावर कॅप, बूट चिखलाने भरलेले. मी आत आल्यावर दुसरा एक, तरुण, माझ्या मागे गेला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही. तिकडे इंग्रजांच्या सैन्याशी लढणाऱ्या अशा माणसांना लोक नुसतं 'मुलं' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे.

मी आयरिशमध्ये म्हटलं, माझा नवरा घरी आला नाही. तुम्ही त्याला पाहिलंत का? 'ता अगला ओरम.' माझ्यावर भीती आहे.

रोझने माझ्याकडे बघितलं नाही. ती आधीच पुसलेलं काउंटर पुसत राहिली.

कॅपवाला माझ्यापेक्षा फार सुरेख आयरिश बोलायचा. त्याने विचारलं, "ही भाषा तुम्हांला कुणी शिकवली?"

"घरमालकीणबाईंनी. मिसेस डोहर्टी. डोनेगॉलच्या."

"डोनेगॉलमध्ये डोहर्टी म्हणजे दगड उचलला की खाली एक. कुठल्या डोहर्टी? माहेर कुठलं त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. मी तीन वर्षं त्यांना मिसेस डोहर्टीच म्हणत आले होते. तो इंग्रजीवर आला. तो ओरडला नाही, रागावलाही नाही, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"मिसेस, एक भारतीय बाई बेलफास्टहून येते, या गावातल्या निम्म्या लोकांना येत नाही ती भाषा बोलते. सगळ्यांची मनं जिंकते. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबरचा माणूस कॅमेरा घेऊन जाऊ नये तिथे जातो. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात?"

"ते कुठे आहेत?"

"कोरड्यात आहे. त्याचं नाव काय?"

"डॉक्टर आपटे."

"ते आडनाव. नाव काय?"



सात वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. लग्नात जेवणाच्या पंगतीत एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. कधी गरजच पडली नाही. हे, अहो, डॉक्टर, एवढ्यावर आमचा संसार चालला होता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आई म्हणायची आणि मी तिला हसायची. हसणं सोपं होतं, कारण तेव्हा मला नवरा नव्हता. आता तो माणूस माझ्याकडे बघत होता, मागचा तरुण दार अडवून उभा होता, आणि ते नाव मी ओठांपर्यंत आणून परत गिळत होते. आज नको, एवढंच मनात येत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी घेईन, आज नको.

"बरं, घरी काय म्हणता त्याला?"

"अहो."

"म्हणजे काय?"

"काही नाही. म्हणजे... ऐका."

दारातला तरुण हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. कॅपवाला हसला नाही.

"मी सांगतो मला काय दिसतंय ते," तो म्हणाला. "तुम्हांला त्याचं नाव येत नाही. आणि त्याला तुमचं येत नाही. मी त्याला विचारलं, बायकोचं नाव काय. तो म्हणाला अनुराधा. इथे काल तुम्ही रोझला सांगितलंत, सुलक्षणा. दोन माणसांना नवरा-बायको म्हणून पाठवायचं तर निदान एकमेकांची नावं तरी ठरवून पाठवावीत. सैन्य इतकं आळशी झालं असेल असं वाटलं नव्हतं."

सैन्याचे खबरे म्हणून धरलेल्या माणसांचं काय होतं हे मी वर्तमानपत्रात वाचत होते. रस्त्याच्या कडेला सापडायचे. हे त्या बिनखिडक्यांच्या गोठ्यात बसले होते आणि खरं तेच सांगत होते, आणि मीही खरं तेच सांगितलं होतं, आणि दोन खरी मिळून एक खोटं झालं होतं.

मग मला राग आला. मला भीतीत नेहमी रागच येतो. मी काउंटरवर हात आपटला.

"दोन्ही माझीच नावं आहेत. आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलतात. नुसतं आडनाव नाही, सगळं. जन्मल्यापासूनचं नाव काढून घेतात आणि सासरच्यांना आवडेल ते देतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर लिहितात. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मी काल माझं स्वतःचं सांगितलं. यात तुमच्या त्या सैन्याचा काय संबंध?"

मग रोझने फडकं खाली ठेवलं. "माझा नवरा डेव्हलिन होता," ती कॅपवाल्याला म्हणाली. "पण या गावात मला कुणी मिसेस डेव्हलिन म्हटलंय का कधी? तुझ्या आईने म्हटलंय? मी रोझ मॅक्रोरीच राहिले. हिला ते मिळालं नाही, म्हणून ती इथे येऊन मागतेय. त्यात काय एवढं?"

"बोलायला काय, काहीही बोलता येतं, रोझ."

"मग त्यांनाच जाऊन विचारा," मी म्हटलं. "विचारा, लग्नाआधी तुझ्या बायकोचं नाव काय होतं. माझं आणि त्यांचं उत्तर एक आलं तर आम्हांला सोडा."

कॅपवाला काउंटरपासून सरळ झाला. "ठीक आहे. पण आधी त्याचं नाव. मला दोन्हीकडून हवंय."

मी डोळे मिटले. "शशिधर," मी म्हटलं. "शशिधर विनायक आपटे."

तोंडातून नाव गेलं आणि मला रडू फुटलं. तो कॅप सरळ करून पावसात निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांना ते माहीत आहे का?

मी आठवायला लागले. मला बघायला आले तेव्हा नाव विचारलं ते सासऱ्यांनी. हे पोह्यांतली मिरची बाजूला काढत होते. लग्नपत्रिकेत छापलं होतं, पण पत्रिका कोण नवरामुलगा वाचतो? माझी कॉलेजातली पुस्तकं, ज्यांच्यावर नाव होतं, ती माहेरी ट्रंकेत. पासपोर्टवर अनुराधा. आईच्या पत्रांवर अनुराधा. सात वर्षांत ह्यांच्या तोंडून एकदा तरी सुलक्षणा ऐकलं होतं का? एकदाही नाही. मिसेस डोहर्टींकडे मी त्या नावाने बसायची ते ह्यांना मी सांगितलं नव्हतं. ते माझं एकटीचं होतं. काल दुकानात सांगितलं तेव्हा हे गाडीत बसले होते, काच वर करून.

मी दाराकडे धावले. तरुणाने हात आडवा केला. "मिसेस, बसा."

"मला त्यांना काहीतरी सांगायचंय."

"म्हणूनच बसा."

रोझने मला मागच्या खोलीत शेगडीपाशी नेलं आणि हातात चहाचा कप दिला. मला तो धरता येईना, तेव्हा तिनेच तो काढून घेतला.

"त्याला माहीत असेल," ती म्हणाली.

"नसेल."

"बाई गं, नवऱ्याला नसेल तर कुणाला असेल?"

"तुझ्या नवऱ्याला माहीत होतं?"

"त्याला न माहीत असून काय करतो. सगळं गावच त्या नावाने हाक मारायचं." मग तिच्या लक्षात आलं आणि ती शेगडीतले निखारे हलवायला लागली.

मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही. पण एक सांगते. त्या शेगडीपाशी बसून मी ह्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नाही, आणि हे परत यावेत म्हणून जेवढी तळमळले तेवढीही कुणासाठी नाही. दोन्ही एकदमच होत होतं. औषधांची शंभर नावं तुम्हांला पाठ, कुठलं किती द्यायचं तेही पाठ. एक नाव आठवा. एवढं एकच आठवा, पुन्हा काही मागणार नाही.

बाहेर गाडी थांबली. मी उठून उभी राहिले. कॅपवाला आत आला, एकटाच. त्याने डोक्यावरची कॅप काढली, पाणी झटकलं, आणि मला वाटलं, संपलं. मृत्यूची बातमी सांगताना तिकडे माणसं टोपी काढतात.

"मिसेस," तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्याला तुमचं नाव माहीत नाही."

रोझने माझा दंड धरला.

"तीन नावं सांगून बघितली त्याने. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचा, बरोबर आलं का म्हणून. शेवटी रडायला लागला. पहिलं अक्षर तरी सांगाल का, असं मला विचारलं." तो बाकावर बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. "खबऱ्यांना नावं पाठ करून पाठवतात. बायकोचं नाव, बायकोच्या आईचं नाव, घरातल्या कुत्र्याचंसुद्धा. धडाधड म्हणून दाखवतात. इतका कोरा माणूस कुणी पाठवत नाही. तो नवराच आहे."

कुणीच हसलं नाही. रोझ काहीतरी पुटपुटली, ते बहुतेक देवासाठी होतं.

"तो गाडीत बसलाय. तुमच्या कॉटेजवर सोडतो, सामान घ्या आणि लगेच निघा. फिल्म मी काढून घेतलीय. आज तुम्ही कुणाला पाहिलं नाही आणि पुन्हा इकडे यायचं नाही."

मी मान हलवली. दारापर्यंत गेले तेव्हा तो मागून आयरिशमध्ये म्हणाला, "स्लॉन, सुलक्षणा." सुखरूप जा. उच्चार अगदी स्वच्छ होता.

आमच्या गाडीत बसल्यावर पहिले काही मैल हे बोलले नाहीत. ओठ फुटला होता. गिअर दोनदा चुकला. मी ह्यांच्या हातावर हात ठेवून बसले होते. हे जिवंत होते, कोमट होते, कोटाला शेणाचा वास येत होता, आणि मला दुसरं काही नको होतं. मोठा रस्ता लागला आणि हे एकदम बोलायला लागले, थांबता येईना अशा आवाजात.

"मी फक्त पावसातून आडोशाला गेलो गं. नुसतं आडोशाला. आणि काय विचारावं त्यांनी? आधी म्हणे बायकोचं नाव काय. सांगितलं. मग परत येऊन विचारतो, लग्नाआधीचं काय. आय मीन, असं कोण विचारतं? माइंड एकदम ब्लँक झालं. बंदूक समोर असली की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही." हे हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. "लकी म्हणायचं. कसं काय सोडलं कोण जाणे."

वायपर इकडून तिकडे होत होता. मी हात काढून घेतला नाही.

"मग आता आठवलं?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स. ते त्या वेळी फक्त..." हे थांबले. पुढे एक लॉरी चालली होती, तिचे लाल दिवे पावसात फाकलेले दिसत होते. हे बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुलोचना. सुलोचनाच ना?"

"शशिधर," मी म्हटलं, "समोर बघून गाडी चालव."

त्याने समोर बघितलं.